'नेव्हीचं' कामोव्ह लेहला काय करत होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वास्कोचे एक गृहस्थ २०१० मध्ये, म्हणजे लेहला ढगफुटी झाली त्याच वर्षी, घरच्यांना घेऊन लडाखला गेले होते. एका सकाळी स्पितुकच्या गोम्पावरून खाली विमानतळाकडे बघताना त्यांना एक हेलिकॉप्टर दिसलं. एकावर एक असे दोन पंखे आणि शेपटीला पंखाच नाही. गोव्यात दाबोळीवर नौदलाची रशियन बनावटीची कामोव्ह हेलिकॉप्टरं येता-जाता बघणाऱ्या माणसाला ही ठेवण लगेच कळली. पण समुद्रापासून इतक्या लांब नौदल कशाला येईल? शिवाय ते हेलिकॉप्टर कुठे जातही नव्हतं. जवळजवळ तासभर एकाच जागी 'आधी माणसाच्या उंचीवर, मग चार मजल्यांवर' तरंगत होतं. दुपारी हॉटेलवर पुन्हा तोच आवाज आला. त्यानंतर आजतागायत असं हेलिकॉप्टर लडाखच्या एकाही बातमीत दिसलं नाही. ते परदेशी होतं का, असेल तर अशा नाजूक भागात त्याला येऊ कोणी दिलं, आणि पुढे त्याचं काय झालं, असं ते विचारतात. सोबत त्यांच्या मुलाने तेव्हा, दहाव्या वर्षी, दुर्बिणीतून बघून वहीत काढलेलं चित्र आहे. वही परवा माळ्यावर सापडली म्हणे.

फोटो काढला नाहीत हे बरं केलंत. लष्करी धावपट्टीचे फोटो काढणं गुन्हा आहे, आणि हे गोवेकरांना सांगायला नको, तुमचा दाबोळीही नौदलाचाच. पण पोराच्या चित्राने फोटोचंच काम केलंय. चित्र उघडलं आणि मला आधी दिसल्या त्या मागच्या दोन काठ्या.

त्या दोन काठ्यांमुळे हे हेलिकॉप्टर तुमच्या गोव्यातलं नाही हे ठरतं. दाबोळीच्या हंसा नौदल तळावरचं 'का-३१' (का म्हणजे कामोव्ह) आठवून बघा. पोटाखाली रडारचं ते भलंमोठं फळकुट, सुमारे बारा टनांचं जाडजूड धूड आणि मागे एकच आखूड शेपूट, तिच्या टोकाला दोन उभ्या पट्ट्या. मुलाच्या चित्रात मात्र केबिनच्या छताजवळून दोन वेगवेगळे सडपातळ दांडे मागे गेलेत, त्यांच्या टोकांना जोडणारी आडवी पट्टी आहे, आणि दांड्यांच्या खाली प्रवासी बसायचा चौकोनी डबा टांगल्यासारखा दिसतो. ही ठेवण का-२२६ ची. वजन साडेतीन टनांच्या आसपास, म्हणजे का-३१ च्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. तो मागचा डबा काढून ठेवता येतो, त्याच्या जागी दुसरं काही बसवता येतं. १९६० च्या दशकातल्या का-२६ या पिस्टन इंजिनाच्या हेलिकॉप्टरपासून हे कुळ चालत आलंय. नौदलाच्या कामोव्हचं हे चुलत भावंड आहे खरं, पण नौदलाशी याचा काही संबंध नाही.

आता साल जुळवू. आपल्या लष्कराला आणि हवाई दलाला जुनी चीता आणि चेतक बदलायची होती. एकूण १९७ हलकी हेलिकॉप्टरं हवी होती, १३३ लष्कराला आणि ६४ हवाई दलाला. आधी एक स्पर्धा झाली, त्यात युरोकॉप्टरचं फेनेक पुढे होतं. डिसेंबर २००७ मध्ये ती रद्द झाली, कारण चाचणीला आणलेलं हेलिकॉप्टर लष्करी नसून नागरी बनावटीचं होतं असा आक्षेप निघाला. २००८ मध्ये नव्याने निविदा निघाली आणि शेवटी दोघे उरले, फ्रेंच एएस-५५० सी-३ फेनेक आणि रशियन का-२२६टी. या दोघांच्या भारतातल्या चाचण्या २०१० च्या सुमाराच्या, आणि त्यात उंचावरच्या चाचण्या आल्याच. तेव्हा तुम्ही पाहिलंत ते बहुधा का-२२६टी. त्या काळात दोन दांड्यांचं कामोव्ह लेहला असायला दुसरं कारण मला तरी सापडत नाही.

गंमत अशी की तुम्ही त्या दिवसांत फेनेकही पाहिलं असण्याची शक्यता आहे, फक्त ते तुमच्या लक्षात राहिलं नसतं. ते दिसतं चारचौघांसारखं. एक पंखा वर, एक शेपटीला, अगदी चारधामच्या यात्रेकरूंना नेणाऱ्या हेलिकॉप्टरच्या जातीचं. पण त्याच जातीच्या एएस-३५० बी-३ ने १४ मे २००५ ला एव्हरेस्टच्या माथ्यावर स्किड टेकवले होते. डिडिए देलसाल नावाच्या फ्रेंच चाचणी वैमानिकाने तिथे पावणेचार मिनिटांहून जास्त काळ ते टेकवून धरलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तेच केलं. म्हणजे साध्या दिसणाऱ्या पाहुण्याचा वकूब कमी नव्हता.

मी इंजिनवाला माणूस. चीता-चेतकच्या इंजिनांवर उमेदीची वर्षं गेली, त्यातले बरेच उन्हाळे आणि त्याहून लांबलेले हिवाळे लडाखमध्ये. म्हणून तुमच्या 'तासभर एकाच जागी का तरंगत होतं' या प्रश्नावर जरा जास्त रेंगाळणार आहे. चाचणीचा जीव तिथेच आहे.

हेलिकॉप्टरला सगळ्यात कठीण काय जातं असं विचारलं तर लोक सांगतात वेग, नाहीतर उंच चढणं. खरं म्हणजे सगळ्यात जास्त ताकद लागते ती एका जागी स्थिर लटकायला. पुढे जायला लागलं की पंख्याला सतत नवी, न ढवळलेली हवा मिळते आणि काम हलकं होतं. होव्हरमध्ये स्वतःच खाली ढकललेल्या हवेवर उभं राहायचं असतं. आणि लेहला ती हवाच कमी.

किती कमी, ते तुम्ही घरी कागदावर काढू शकता. लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. हवेच्या प्रमाण कोष्टकाप्रमाणे तिथे तापमान उणे ६ अंश असायला हवं. उन्हाळ्यातल्या दुपारी असतं २५, म्हणजे ३१ अंश जास्त. प्रत्येक जादा अंशामागे हेलिकॉप्टरला आपण साधारण १२० फूट आणखी वर असल्यासारखं वाटतं. ३१ गुणिले १२० म्हणजे सुमारे ३,७०० फूट. बेरीज झाली १४,४०० फूट. याला आमच्यात डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. धावपट्टीच्या पाटीवर दहा हजार लिहिलेलं असतं, पंख्याच्या पात्यांना मात्र हवा चौदा हजारांची लागते. समुद्रसपाटीवर जेवढी हवा एका घनमीटरमध्ये असते तिच्या ६४ टक्केच तिथे उरते. दाबोळीला ३२ अंशांच्या दुपारी हाच हिशेब केलात तर जेमतेम २,२०० फूट येतात. आता लडाखच्या उत्तर टोकाची दौलत बेग ओल्डीची धावपट्टी घ्या. साडेसोळा हजार फुटांहून वर. तिथे नुसतं १० अंशांचं ऊन पडलं तरी हिशेब २०,००० फुटांवर जातो आणि हवा उरते निम्म्याला जरा जास्त.

हवा कमी म्हणजे दोन मार एकदम. पात्यांना रेटायला हवा कमी, म्हणून ती जास्त कोनात फिरवावी लागतात आणि त्याला ताकद जास्त लागते. नेमकं त्याच वेळी इंजिनालाही श्वास कमी मिळतो, म्हणजे ताकद तयार होते कमी. मागणी वाढते, पुरवठा घटतो. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे तुमचं हेलिकॉप्टर संपलं. ती जागा शोधून काढायची, वेगवेगळ्या वजनांना आणि तापमानांना, यालाच उंचावरची चाचणी म्हणायचं. कंपनीच्या पुस्तकात आलेख छापलेले असतातच. ते खरे आहेत का हे बघायला आपण कंपनीला घरी बोलावतो.

आता 'माणसाच्या उंचीवर आणि मग चार मजल्यांवर' याचा अर्थ. जमिनीलगत तरंगताना खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून पसरते आणि पंख्याला एक प्रकारची गादी मिळते. याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. पंख्याच्या व्यासाएवढं वर गेलं की ती गादी जवळजवळ संपते. का-२२६ च्या पंख्याचा व्यास १३ मीटर, म्हणजे तुमचे चार मजले. तुम्ही आकडा माहीत नसताना बरोबर मोजलात. ते आधी गादीवरची मापं घेत होते, मग गादी काढून. डोंगरातल्या हेलिपॅडला यातलं दुसरं माप खरं. एखाद्या सुळक्यावर टेबलाएवढी सपाट जागा असते, तिच्या बाहेर लगेच दरी, तिथे गादी कसली मिळणार? नवखे वैमानिक नेमके तिथेच फसतात. पठारावर छान तरंगलेलं मशीन सुळक्यावर बसायला जातं आणि शेवटच्या दहा फुटांत खाली धपकन येतं.

सकाळी का, तर लेहला वारा सकाळी पडलेला असतो. होव्हरच्या चाचणीला वारा म्हणजे फुकटची मदत, आणि फुकटची मदत आलेखात चालत नाही. अकरा वाजले की दरीतून वारा सुटतो, मग आकडे गढूळ होतात. दुपारचा जो आवाज तुम्ही ऐकलात तो बहुधा दुसऱ्या धड्याचा असणार. तापलेल्या हवेत इंजिन चालू करणं, बंद करणं, लगेच परत चालू करणं, आडव्या वाऱ्यात शेपूट ताब्यात राहतं का ते बघणं.

इंजिन चालू करणं हे ऐकायला किरकोळ वाटतं. उंचावर ते अजिबात किरकोळ नाही. पातळ हवेत टर्बाइन रखडत रखडत वेग घेतं, इंधन मात्र ठरल्याप्रमाणे येत राहतं, आणि आतलं तापमान काटा लाल रेघेकडे घेऊन धावतं. इंधनावरचा हात वेळेवर मागे आला नाही तर टर्बाइनची पाती जळतात. हिवाळ्यात याच्या उलट, बॅटरीच थिजलेली. आम्ही रात्री बॅटरी काढून बुखारीशेजारी, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीशेजारी, अगदी पाहुण्याला द्यावी तशी उबदार जागा देऊन ठेवायचो आणि पहाटे परत बसवायचो. एका हिवाळ्यात एका पोराने कष्ट वाचवायला ती मशीनमध्येच राहू दिली. सकाळी स्टार्टरने एक उसासा टाकला आणि संपलं. ते पोर म्हणजे मीच. त्या दिवशी वरच्या चौकीची टपाल-रॉकेलची फेरी तीन तास उशिरा निघाली, आणि मेसमध्ये आठवडाभर मला कोणी चहा विचारला नाही.

म्हणून मला विचाराल तर पंखे एक की दोन हे दुय्यम, आधी इंजिन बघा. हेलिकॉप्टरला दोन मर्यादा असतात. खाली, दाट हवेत, इंजिनात ताकद भरपूर असते पण गिअरबॉक्स तेवढी पेलू शकत नाही, म्हणून वैमानिक टॉर्कचा, म्हणजे पिळाच्या जोराचा, काटा बघून थांबतो. वर गेलं की गिअरबॉक्सला काहीच त्रास नसतो, इंजिनच तापून हात टेकतं, मग तापमानाचा काटा बघून थांबायचं. चांगलं पहाडी हेलिकॉप्टर तेच, ज्याचं इंजिन खाली उगाचच मोठं वाटतं. आडात असेल तर पोहऱ्यात येणार.

याचं उत्तम उदाहरण आपलं चीता. आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचं नातं असं की चीता हेसुद्धा एकेकाळी हिमालयात चाचणीला आलेलं परदेशी पाहुणंच होतं. भारतीय सेनादलांना उंचावर चालणारं हेलिकॉप्टर हवं म्हणून फ्रेंच कंपनीने १९६८ मध्ये काम हाती घेतलं. जुन्या अलुएत-२ चा हलका सांगाडा घेतला, त्यावर मोठ्या अलुएत-३ चं इंजिन आणि पंखा बसवला. असं ते लामा, १७ मार्च १९६९ ला पहिल्यांदा उडालं. आर्टूस्ट इंजिनाची मूळ ताकद ८७० अश्वशक्ती, पण वापरायची ५५० च. उरलेली खाली हात न लावता उंचीसाठी राखून ठेवलेली. त्याच वर्षी ते हिमालयात आणलं गेलं आणि दोन माणसं नि थोडं इंधन घेऊन ७,५०० मीटरवर उतरलं आणि परत उडालं. तीन वर्षांनी, २१ जून १९७२ ला, झां बुले यांनी हलक्या केलेल्या लामाला १२,४४२ मीटरपर्यंत नेलं. वर इंजिन विझलं ते परत पेटलंच नाही, तेव्हा नुसत्या फिरत्या पंख्यावर ते तेवढ्या उंचीवरून खाली उतरले. हेच लामा हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्यावर बनवलं, ते चीता. एप्रिल १९८४ मध्ये सियाचिनवर जवान पोचवण्यात त्याचा हात होता, आणि नाशिकला गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशनच्या शाळेत पिढ्यान् पिढ्या वैमानिकांचे हात बसले ते चेतक-चीतावरच.

तरी सगळ्यात वरच्या चौक्यांना एका फेरीत एखादा जेरीकॅन नेता आला तरी भागवायचं, अशीच चीताची अवस्था असायची. दारं काढा, सीट काढा, इंधन परतीपुरतंच घ्या. असल्या हिशेबात पन्नास किलोंनी सरस असलेलं नवं मशीन म्हणजे मोठी चैन. तेव्हा का-२२६टी लेहला लटकताना त्याच्याकडे आमच्यासारखे लोक कोणत्या नजरेने बघत असतील याची कल्पना करा.

त्या नजरेने बघितलं तर कामोव्हच्या बाजूने एक ठोस मुद्दा आहे. साध्या हेलिकॉप्टरचा शेपटीचा पंखा काही उचलत नाही. वरच्या पंख्याच्या उलट्या रेट्याने अंग गरगर फिरू नये एवढंच त्याचं काम, आणि त्यासाठी होव्हरमध्ये तो एकूण ताकदीचा साधारण दहावा हिस्सा खातो. पातळ हवेत त्याचाही जोर कमी पडतो. वैमानिक पेडल शेवटपर्यंत दाबतो आणि तरी नाक फिरतच राहतं. उंचावर कितीतरी अपघात इंजिन धडधाकट असताना अशा शेपटीमुळे झालेत. कामोव्हचे दोन पंखे उलटसुलट फिरून एकमेकांचा रेटा खोडून काढतात, सगळी ताकद उचलण्यात जाते आणि आडव्या वाऱ्याची फारशी फिकीर राहत नाही. लांब शेपूट नाही म्हणून अरुंद हेलिपॅडवर बसायलाही सोपं. शिवाय टी या आवृत्तीत मूळची अमेरिकी इंजिनं काढून फ्रेंच अरियस बसवली होती, ती जास्त ताकदीची. म्हणजे दोन्ही प्रतिस्पर्ध्यांची इंजिनं एकाच फ्रेंच घराण्यातली, टर्बोमेकाची! कोणीही जिंकलं असतं तरी इंजिनवाल्या फ्रेंच लोकांचा धंदा होणारच होता.

उलट बाजूही आहे. दोन पंख्यांची ती उंच खांबासारखी यंत्रणा जड आणि गुंतागुंतीची. भर थंडीत उघड्यावर तिचे सांधे तपासणं हे खाली हँगरमध्ये बसून 'सोपं' म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः करून बघावं. दोन इंजिनं म्हणजे सुरक्षितता, हेही लडाखमध्ये अर्धंच खरं. उंचावर पूर्ण वजनाला एक बंद पडलं तर उरलेलं एकटं तुम्हाला होव्हरमध्ये धरून ठेवील अशी आशा करू नये. त्याने दरीतून सरळ बाहेर काढलं तरी पुष्कळ झालं. माझं वैयक्तिक मत असं की एक दणकट इंजिन आणि हलकं अंग हा लामाचा मार्ग पहाडात जास्त प्रामाणिक आहे. पण वैमानिक मित्र यावर माझ्याशी भांडतात, आणि दरीवरून उडायचं त्यांना असतं, मला नाही.

परदेशी मशीनला येऊ कोणी दिलं? आपणच. आपल्या खरेदीच्या पद्धतीत 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट' असा एक प्रकार आहे. कंपनीने स्वतःच्या खर्चाने हेलिकॉप्टर, वैमानिक, सुटे भाग आणि माणसं आणायची, आपण सांगू तिथे, सांगू त्या वजनाने उडून दाखवायचं. आपण विकत घेण्याचं वचन देत नाही. कुठे जायचं, कुठे नाही, हे आपण ठरवतो आणि आपले चाचणी वैमानिक बरोबर बसतात. मशीन कंपनीच्या मालकीचं असल्याने त्यावर कोणत्याच सैन्याचं चिन्ह नसणं, नुसता नागरी नोंदणी क्रमांक असणं, हे अगदी नेहमीचं. मुलाच्या चित्रात तिरंगी वर्तुळ नाही हे तुम्ही 'विसरला असेल' म्हणून सोडून दिलंत. विसरला नसावा.

चाचणी जिथे वापरायचं तिथेच घ्यावी हा आग्रह उगाच नाही. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी घ्यायच्या एडब्ल्यू-१०१ हेलिकॉप्टरांचं प्रकरण आठवत असेल. तिथे ६,००० मीटरची अट ४,५०० वर आणली गेली, चाचण्या परदेशात झाल्या, आणि २०१३ मध्ये महालेखापालांनी त्यावर ताशेरे ओढले. बाकी भानगड वर्तमानपत्रांनी चघळली, पण आमच्या लोकांना खटकलं ते हे की चाचणी परक्या अंगणात झाली.

हिमालयाच्या पलीकडेही असंच घडलंय. डिसेंबर १९८३ मध्ये चीनने ल्हासाला तीन परदेशी हेलिकॉप्टरं आणवून तपासली, फ्रेंच सुपर प्यूमा, अमेरिकी बेल २१४ एसटी आणि सिकोर्स्कीचं एस-७०. तेव्हा ल्हासात कोणी तिबेटी पोरगा छतावर बसून बघत असेल तर त्याला अमेरिकी ब्लॅक हॉकचा सख्खा भाऊ चिनी आकाशात दिसला असणार! १७,००० फुटांपर्यंत उतरणं-उडणं झालं, सिकोर्स्की जिंकलं आणि चीनने जास्त ताकदीच्या इंजिनांची २४ एस-७०सी घेतली. आज चीनचं झेड-२० हेलिकॉप्टर बघितलं की त्या पाहुण्याचा चेहरा ओळखू येतो. माझी एवढीच कुरकुर की परीक्षा डिसेंबरात घेतली. थंडीत हवा दाट असते, पेपर सोपा जातो. आपण उन्हाळ्यात लटकवत होतो ते जास्त कडक.

तुमचे कोणी नातेवाईक अमेरिकेत कोलोरॅडोला असतील तर त्यांना लेडव्हिलला चक्कर मारायला सांगा. तिथलं छोटं विमानतळ ९,९३४ फुटांवर आहे, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात उंच, आणि हेलिकॉप्टर कंपन्या उंचीच्या चाचण्यांसाठी तिथे येतात. नाकावर लांब दांडी लावलेलं अनोळखी मशीन तिथे दिसलं तर घाबरायचं कारण नाही. ती दांडी पंख्याने ढवळलेल्या हवेच्या पुढे जाऊन वेग मोजायला असते. उतरणाऱ्या वैमानिकाला तिथे प्रमाणपत्रही देतात. लेहला असलं काही मिळत नाही, फार तर मेसचा चहा.

पुढे काय झालं, हे सांगायला फारसं सुख नाही. चाचण्या झाल्या, फाइल फिरत राहिली, ऑगस्ट २०१४ मध्ये ती १९७ ची निविदाही रद्द झाली. डिसेंबर २०१५ मध्ये रशियाशी सरकार-ते-सरकार करार झाला, २०० का-२२६टी घ्यायचे, त्यातले १४० भारतात बनवायचे. किंमत आणि देशी भागांचं प्रमाण यावर घोडं अडलं ते अडलंच. म्हणून तुम्हाला ते पुन्हा दिसलं नाही. मधल्या काळात हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं स्वतःचं एक इंजिनाचं हलकं हेलिकॉप्टर तयार झालं. २०१९ च्या ऑगस्टअखेरीला त्याने लेहला आणि दौलत बेग ओल्डीला तीच परीक्षा दिली, तसंच लटकून, तसंच तापलेल्या हवेत. यंदा परत गेलात आणि स्पितुकवरून एखादं नवं मशीन एका जागी घुटमळताना दिसलं, तर आधी वर्तुळ बघा. तिरंगी असेल.

एक राहिलं. चित्रात हेलिकॉप्टरपासून बऱ्याच अंतरावर एक माणूस काठी धरून उभा आहे, काठीच्या टोकाला मुलाने तीन गोल काढलेत, आणि तुम्ही खाली लिहिलंय 'झेंडेवाला जवान'. तो झेंडा नाही. ते तीन गोल म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या. वारा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की तो रेडिओवर सांगतो आणि त्या वेळचा आकडा खोडला जातो. दुर्बिणीतून दोन दांडे, वाट्या आणि नसलेलं वर्तुळ एवढं टिपणारा तो मुलगा आता पंचविशीच्या आसपास असेल. काय करतो हो तो सध्या?